डॉट फोरवाल्या दाभाडे मॅडम

हसनाबादच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी शिपायानं मला बजावलं की सायकलींच्या शेडमध्ये जी निळी मोटरसायकल उभी असते तिला हात लावायचा नाही.

"मुख्याध्यापकांची आहे का?" मी विचारलं.

"त्यांची असती तर हात लावला असता," तो म्हणाला. "दाभाडे मॅडमची हाय."

सुजाता दाभाडे आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायच्या. पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, अंगानं सुकलेल्या. पंजाबी ड्रेसवर उन्हाळ्यातही जाड कापडाचं जाकीट. त्यांची गाडी लांब पल्ल्याची होती, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या लावलेली, आणि ती स्टँडवरून काढताना त्यांचे पाय जेमतेम टेकायचे. सुट्ट्या लागल्या की पेट्या भरून त्या निघायच्या. राजस्थान, ओडिशा, एकदा थेट नेपाळच्या हद्दीपर्यंत. बहुतेक वेळा एकट्याच.

मूळच्या त्या वडीगोद्रीच्या. वडील बांधकाम खात्याच्या रस्त्यावर मजूर होते. उकळत्या डांबराच्या कढईपाशी उभं राहून त्यांनी लेकीला शिकवलं. बाईमाणसानं एकटीनं एवढं कशाला हिंडायचं, असं स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं की मॅडम शांतपणे सांगायच्या, "माझ्या बापानं रस्ते केले. त्याच्यावरून हिंडायला मी कुणाला इचारू?"

वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, स्वच्छ. राग आला की मात्र वडीगोद्री वर यायची. आणि त्यांना राग आणायला एकच शब्द पुरे होता, 'चालतंय'. नळाची तोटी गळतेय, चालतंय. प्रयोगशाळेतला दिवा वाकडा जळतोय, चालतंय. त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "चालतंय ते मला दिसून राह्यलं. थांबतंय का ते सांगा."

गाडीवर बसण्याआधी त्या तिच्याभोवती एक फेरी मारायच्या. मग हँडलवरचा ब्रेक दाबून धरायच्या, आणि नजर दुसरीकडंच कुठंतरी लावायच्या, वैद्य नाडी बघताना लावतो तशी. मग वाकून ब्रेकच्या तेलाच्या डबीला असलेल्या बारक्या काचेतून आत बघायच्या. तेवढ्या वेळात कुणी बोललं तर उत्तर मिळायचं नाही. बघणाऱ्याला हे सगळं जरा नाटकी वाटायचं. पण हे त्यांच्या अंगात आलं ते एका दुपारनंतर, आणि त्या दुपारी मी त्यांच्या मागे बसले होते.

तेव्हा आमची ओळख नवीन होती. उत्तरपत्रिका तपासायचे दिवस. जळगावहून भावाचा फोन आला की वडिलांना दवाखान्यात ठेवलंय, छातीत दुखतंय, तू निघ. स्टँडवर गेले तर दुपारची एसटी आलेलीच नव्हती आणि येईल असं कुणी सांगत नव्हतं. मी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी होते. निळी गाडी समोर येऊन थांबली. "बस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेटीतून दुसरं हेल्मेट काढून माझ्या डोक्यात घातलं.

भोकरदन, सिल्लोड, अजिंठा. ऊन मरणाचं होतं. मॅडमच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. धुण्याच्या दगडावर पाय घसरून हात मोडला होता आणि प्लास्टर नुकतंच निघालं होतं. त्या हातानं पुढचा ब्रेक दाबला की कळ जायची, म्हणून त्या पायाचाच ब्रेक वापरत होत्या. हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

अजिंठ्याचा घाट उतरायला लागलो तेव्हा पुढे सरकीनं भरलेला ट्रक होता. मागे एक बस, सारखी भोंगा वाजवत. ट्रक सरपटत चाललेला, ओलांडायला जागा नाही. मॅडमचा पाय ब्रेकवरून हलत नव्हता. दोन वळणं झाली. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे त्या एकदम ताठ झाल्या.

"गेला," त्या म्हणाल्या.

"काय गेलं?"

"पायातला ब्रेक. बोलू नको. सरळ बस, मला धरू नको."

गाडी सुटली. ट्रकच्या फळीवरची अक्षरं मोठी मोठी होत गेली. मॅडमनी गिअर पाडला तशी इंजिननं किंकाळी फोडली, माझं डोकं त्यांच्या हेल्मेटवर आपटलं. पुन्हा एक गिअर खाली. पुन्हा किंकाळी. उजव्या हातानं त्यांनी पुढचा ब्रेक आवळला होता आणि पट्टीतलं मनगट थरथरताना मला दिसत होतं. उजवीकडे कठडा, त्याच्या पलीकडे नुसतं ऊन. डावीकडे डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी रस्तादुरुस्तीच्या खडीचा ढीग. मॅडमनी गाडी त्या खडीत घातली. पुढचं चाक रुतलं, आम्ही दोघी डाव्या अंगाला कलंडलो आणि तशाच थांबलो. मागची बस भोंगा वाजवत शेजारून निघून गेली.

मला उतरता येईना. मॅडमनी मला बखोटीला धरून उतरवलं, पाणी दिलं, स्वतः प्यायल्या नाहीत. त्या खाली बसून पायातला ब्रेक हातानं दाबून बघत होत्या. तो पाचोळ्यावर हात ठेवल्यासारखा खाली जात होता.

थोड्या वेळानं एक काळी-पिवळी जीप थांबली. ड्रायव्हर उतरून आला, आपल्या पायानं ब्रेक दाबून म्हणाला, "ताई, बराबर लागून राह्यला की! तुम्ही घाबरल्या उगाच."

आणि खरंच, तो लागत होता. कडक. काहीच झालं नसावं तसा.

तेवढ्यात भावाचा पुन्हा फोन आला. वडिलांना आयसीयूत नेलं होतं. मी रडत म्हटलं, "मॅडम, आता लागतोय ना? हळूहळू जाऊ. प्लीज."

"थंड झाला म्हणून लागतोय. अर्धा घाट बाकी हाय. तापला की परत जाईल."

"माझे वडील तिकडं..."

"म्हणूनच न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांनी मला जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला दम भरला, "हिला जळगावच्या दवाखान्याच्या दारात सोडायचं. घाटाखाली फर्दापुरात उतरवून द्यायचं बिलकुल न्हाई." जीप निघाली तेव्हा मागे वळून पाहिलं. भर उन्हात, खडीच्या ढिगावर, आपल्या गाडीशेजारी ती बाई बसली होती. मला त्यांचा राग आला होता, हेही खरं.

मी पोचले तेव्हा वडील शुद्धीवर होते. कशानं आलीस विचारलं, मोटरसायकलवरून म्हटलं, तर नाकात नळी असतानाही हसले. पुढं ते चांगले सुधारले.

मॅडमनी गाडी टेम्पोत घालून भोकरदनला आणली होती. मी परतल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल, गजूकडं जायचंय." गजू हा त्यांचा नेहमीचा मेकॅनिक. हात प्लास्टरमध्ये असताना ब्रेकचं तेल त्यांनी त्याच्याकडूनच बदलून घेतलं होतं. वाटेत त्यांनी मला समजावून सांगितलं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. सीलबंद बाटलीत असेल तोवर ठीक, बाटली उघडी राहिली की महिनोन्महिने हवेतला ओलावा पीत बसते. ते पाणी ब्रेक तापल्यावर उकळतं आणि नळीत वाफ होते. "तेल दाबलं तर दबत न्हाई, म्हणून ब्रेक लागतो. वाफ दबते. तू पाय दाबती अन् नुसती वाफ दबती. गार झालं की वाफेचं पाणी, ब्रेक परत जागेवर. दहावीच्या पोराला कळंल असं हाय."

गजू चाकात हात घालून बसला होता. मॅडमचा चेहरा पाहून उभा राहिला.

"तेल कोणतं टाकलं, गजू?"

"डॉट फोर. तुमच्या डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच. अन् पहिलं पुरं काढून, नळीतली हवा काढून टाकलंय मॅडम, अर्धवट काम न्हाई करत मी."

"बाटली दाखव."

त्यानं फळीवरची बाटली आणली. अर्धी भरलेली. झाकणाला चीर गेली होती. समोरच्या चहावाल्याकडची माणसं उठून बघायला आली.

"कवा उघडली?"

गजू झाकणावरची चीर अंगठ्यानं पुसायला लागला.

"पाऊसकाळात?"

"आसंल," तो म्हणाला. मग आवाज चढवून, "समदे असंच टाकतेत मॅडम! आजवर कुणाला काय झालं न्हाई!"

मला वाटलं, आता मॅडम त्याला फाडून खाणार. त्यांनी आवाज उलट खाली आणला. "माझ्यामागं ही बसली व्हती, गजू. हिचा बाप दवाखान्यात व्हता. अन् पुढं ट्रक."

गजूनं माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. मग मॅडमच म्हणाल्या, "बाटली बघून घ्यायची व्हती मी. माझंबी चुकलंच." त्यांनी ती बाटली त्याच्याच हातानं जळक्या ऑइलच्या पिंपात ओतायला लावली. पुढे चेन, टायर, सगळं काम त्या त्याच्याकडेच देत राहिल्या. ब्रेकला मात्र त्यानंतर दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

म्हणजे माझा सोडून. दोन वर्षांतून एकदा, मार्चच्या कोरड्या दिवसांत, त्या मला घरी बोलवायच्या. पावसाळ्यात डबी उघडायची नाही हा नियम. अंगणात पत्र्याच्या सावलीत गाडी, टाकीवर ओलं फडकं, शेजारी पाण्याची बादली. "हे तेल रंग खातं. थेंब पडला की पुसत बसायचं न्हाई, आधी पाणी ओतायचं." नवीन बाटलीचं सील त्या माझ्या डोळ्यांदेखत फोडायच्या, मी साक्षीदार असल्यासारखं. जुनं तेल पिचकारीनं डबीतून ओढून घ्यायचं, नवं भरायचं, मग खाली चाकापाशी बारीक नळी लावून त्या बसायच्या आणि मी वर ब्रेक धरून.

"दाब. धर. धरून ठेव..." खाली पाना फिरायचा, माझ्या बोटांतला जोर निघून जायचा, नळीतून चहासारखं काळपट तेल सरकायचं. पाना परत आवळला की, "हं, सोड."

पुन्हा दाब. पुन्हा धर. वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा आत. तासभर हेच चालायचं, आणि त्या तासात मॅडमच्या घरात पाहुणा आला तरी त्याला ओट्यावर बसून राहावं लागे. एकदा माझ्या बोटाला मुंगी चावली आणि मी 'सोड' यायच्या आधी सोडला. नळीतला बुडबुडा उलटा वर गेला. मॅडम रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "पहिल्यापासून," आणि पहिल्यापासून केलं. मध असतो तशा रंगाचं तेल, एकही बुडबुडा नसलेलं, नळीतून यायला लागलं की त्यांचे खांदे उतरायचे. तोवर त्यांनी ते कानापर्यंत उचललेले असायचे हे तेव्हा लक्षात यायचं.

बाटलीत थोडं उरायचंच. ते त्या कधी ठेवायच्या नाहीत. शाळेत त्यांना मागून 'डॉट फोर मॅडम' म्हणायचे ते ह्या तेलापायीच. त्यांना ठाऊक होतं. आवडायचंही, असा माझा संशय आहे.

राजूरची एक सकाळ सांगायची राहिली; त्यानंतर मॅडम मला दिसल्याच नाहीत. त्या दिवशी निघालेल्या सहलीहून त्या आल्या आणि पोटदुखीचं निमित्त झालं, तपासण्या झाल्या, आणि जे निघालं ते वाईट निघालं. संभाजीनगरच्या दवाखान्यात त्या होत्या तेव्हा मी दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा फोनवर म्हणाल्या, "येऊ नको. मला असं बघायचं न्हाई." आवाज वर्गातला होता. मी ऐकलं. थंडी संपता संपता त्या गेल्या.

तर ती सकाळ. दिवाळीची सुट्टी. आमच्या आणि आसपासच्या शाळांतले पाच-सहा मोटरसायकलवाले मास्तर कोकणात निघाले होते. सगळ्यांनी राजूरला गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी जमायचं ठरलं. मी निरोप द्यायला गेले होते. आमच्या शाळेचे खेळाचे शिंदे सर त्यात होते. गडगडाटी हसणारे, पोरांचे लाडके. त्यांनी नुकतीच पुण्याहून कुणाचीतरी वापरलेली मोठी गाडी घेतली होती. मागे मीनावहिनी बसणार होत्या. लेकीचं लग्न उन्हाळ्यात झालेलं, घर रिकामं झालेलं, आणि वहिनींनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. सर महिनाभर सगळ्यांना तेच सांगत होते.

शिंदे सर दर्शन घेऊन आले, चाकापुढे नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. मॅडम खोबरं घ्यायला म्हणून त्यांच्या गाडीजवळ गेल्या आणि तिथंच थांबल्या. हात पुढे केलेला तसाच राहिला.

"सर, ह्या काचेत जांभळं काय हाय?"

"ओळखलंत!" सर खूश झाले. "ब्रेकचं तेल बदललं, तुमच्यासारखं. अन् तुमच्याहून भारी. तुमचं डॉट फोर, हे डॉट फाइव्ह. ऑनलाइन मागवलं. रात्री स्वतः टाकलं."

मॅडमनी त्यांचा ब्रेक दाबला. तो मुठीला येऊन भिडला. त्यांनी पुन्हा दाबला.

"सर, ही गाडी आज जात न्हाई."

हसू अजून सरांच्या तोंडावर होतं. "थोडा नरम हाय. चालल्यावर होईल बराबर."

"आकडा मोठा म्हणजे तेल भारी असं न्हाई. पाच नंबरचं तेलच येगळ्या जातीचं. ते ह्याच्यात मिसळत न्हाई, नळीत आधीचं उरलंय, वरतून हवा राह्यली. सगळं खोलून धुवावं लागतंय. इथं व्हायचं काम न्हाई ते."

"मॅडम, मी काय पोरगा हाय का तुमच्या वर्गातला?" सरांचा आवाज चढला. देवळाच्या पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. बाकीचे मास्तर हेल्मेटचे पट्टे चाचपत खाली बघत राहिले. "पुण्याहून इथवर चालवत आणली मी! चला वहिनी, बसा," ते रागानं बायकोलाच वहिनी म्हणाले, आणि कुणी हसलं नाही. मीनावहिनी मागे बसल्या. सरांनी गाडी सुरू केली.

मॅडम गाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात खाली. त्यांच्या छातीच्या उंचीला गाडीचा दिवा होता.

"सरका."

"न्हाई."

"मॅडम, सरका म्हणतोय!"

"घाट उतरायचाय, सर. तुम्ही एकटे असते तरी सरकले नसते."

सरांनी जागेवरच अ‍ॅक्सिलरेटर पिळला. मॅडम दचकल्या, मी पाहिलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मला वाटतं त्या क्षणी तो माणूस काय करेल हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि मग मीनावहिनी खाली उतरल्या. पदर सावरला आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

सरांनी मागे वळून रिकाम्या सीटकडे पाहिलं. किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं तेव्हा देवळातली घंटा एकदम मोठ्यानं ऐकू आल्यासारखी वाटली.

"हिला समुद्र दाखवायचा होता हो," ते म्हणाले. आवाज पार फाटला होता. "एवढंच होतं."

"तुम्ही पवार सरांच्या मागं बसा. वहिनी माझ्यामागं बसतील," मॅडम म्हणाल्या.

"मी कुणाच्या मागं बसत न्हाई."

कुणीतरी म्हणालं, सहल पुढे ढकलू. तेव्हा मीनावहिनी म्हणाल्या, "मी जाऊन येते मंग."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखंही नाही. शिंदे सर उतरले, वहिनींचं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर नीट बसवलं, आणि हनुवटीखालचा पट्टा लावायला लागले. क्लिप बसेना. मॅडम दोन पावलांवर उभ्या होत्या. मदतीला पुढे झाल्या नाहीत. शेवटी क्लिप लागली.

घाटात काय झालं असतं, काहीच झालं नसतं का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. शिंदे सर आजही तो विषय काढत नाहीत.

गाड्या एकेक करून निघाल्या. मॅडम सगळ्यांत शेवटी. मीनावहिनींनी आधी मागची दांडी धरली होती. पहिल्याच खड्ड्याला त्यांनी ती सोडून मॅडमच्या खांद्यावर हात ठेवला. बाकीचे केव्हाच नजरेआड गेले. मॅडम इतक्या हळू चालवत होत्या की गाडीला कॅन लटकवलेला एक दूधवाला मागून आला, दोघींकडे वळून बघत पुढे निघून गेला, आणि मॅडमनी त्याला जाऊ दिलं.